मेटानेफ्रीनचा रिपोर्ट वारंवार ‘किंचित जास्त’ येतोय? फिओक्रोमोसायटोमाच्या तपासणीतली चूक कुठे शोधायची

फिओक्रोमोसायटोमा ही ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यात होणारी दुर्मीळ गाठ. तिच्यातून ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन रक्तात सुटतं, पण थांबून थांबून. रक्त घेताना नेमकी ती शांत असेल तर ही संप्रेरकं मोजून काही हाती लागत नाही. गाठीच्या पेशींच्या आत मात्र कॉम्ट नावाचं एन्झाइम त्यांचं मेटानेफ्रीन आणि नॉरमेटानेफ्रीनमध्ये रूपांतर रात्रंदिवस करत असतं. म्हणून ही दोन उपउत्पादनं मोजली की गाठ सहसा निसटत नाही. चाचणीचं बळ तिथे आहे. तिचा त्रासही तिथूनच सुरू होतो, कारण नॉरमेटानेफ्रीन हे निरोगी माणसाच्या मज्जातंतूंतूनही येतं आणि माणूस नुसता उठून उभा राहिला तरी वाढतं.

पुढे जे लिहिलं आहे ते रक्त घेणाऱ्यांसाठी, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांसाठी आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. रुग्णालाही त्यातलं बरंच कळेल आणि उपयोगी पडेल.

आधी एक इशारा

रक्तदाब १८०/१२० च्या वर आहे आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, डोकं फुटेल असं दुखतंय, नजर धूसर झालीय किंवा बोलणं अडखळतंय, तर यातली कोणतीही तपासणी करत बसू नका. रुग्ण आधी तातडीच्या विभागात गेला पाहिजे. रिपोर्टची दुरुस्ती नंतर.

बिघाडाची लक्षणं

खालीलपैकी काही दिसत असेल तर गाठीआधी तपासणीच्या पद्धतीवर संशय घ्या.

- नॉरमेटानेफ्रीन मर्यादेच्या वर आहे, पण दुपटीच्या आत. मेटानेफ्रीन अगदी नॉर्मल.
- एकाच रुग्णाचे महिनाभरातले दोन रिपोर्ट जुळत नाहीत आणि मधल्या काळात उपचार काहीच बदललेले नाहीत.
- बाह्यरुग्ण विभागात घेतलेलं सॅम्पल जास्त, वॉर्डात झोपवून घेतलेलं नॉर्मल.
- रक्तात नॉर्मल, लघवीत जास्त. किंवा उलट.
- एकटं ३-मेथॉक्सिटायरामिन (डोपामिनचं असंच उपउत्पादन) वाढलेलं.
- एकाच आठवड्यात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण ‘पॉझिटिव्ह’.

उलट बिघाडही असतो: लक्षणं आणि स्कॅन बोलके, पण रिपोर्ट नॉर्मल. त्याकडे शेवटी येतो.

किंचित वाढलेले रिपोर्ट इतके का येतात, त्यामागे साधा हिशोब आहे. रक्तदाबाच्या १००० रुग्णांची तपासणी केली आणि त्यातल्या ५ जणांना खरंच गाठ आहे असं धरू. चाचणीने पाचही पकडले, पण निरोगी माणसांपैकी १० टक्क्यांना चुकून ‘जास्त’ म्हटलं, तर सुमारे १०० खोटे पॉझिटिव्ह येतात. म्हणजे १०५ चिंताजनक रिपोर्टांत खरे पाच. उरलेल्या शंभर माणसांच्या वाट्याला स्कॅन, खर्च आणि झोप उडवणारी भीती येते. हे टाळता येतं, आणि बहुतेक वेळा त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, एक पलंग पुरतो.

१. रिपोर्ट नीट वाचा

फुकटची तपासणी, आणि तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. चार गोष्टी पाहा.

पहिली, नेमकं काय मोजलंय. ‘प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रीन’ (रक्तद्रवातलं फक्त मोकळं रूप), ‘प्लाझ्मा टोटल मेटानेफ्रीन’ (मोकळं आणि सल्फेटला जोडलेलं मिळून) आणि ‘लघवीतलं फ्रॅक्शनेटेड मेटानेफ्रीन’ (मेटानेफ्रीन आणि नॉरमेटानेफ्रीन वेगवेगळी मोजलेली) या तीन वेगळ्या चाचण्या आहेत. एकीची मर्यादा दुसरीला लावता येत नाही. रिपोर्टवर ‘व्हीएमए’ (व्हॅनिलिलमँडेलिक ॲसिड) असेल तर ती जुनी आणि बरीच कमी संवेदनशील चाचणी आहे. तिच्या नॉर्मल येण्यावर विसंबून गाठ नाही असं म्हणू नका.

दुसरी, एकक. नॉरमेटानेफ्रीनचा १ नॅनोमोल प्रति लिटर म्हणजे साधारण १८३ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. मेटानेफ्रीनचा १ नॅनोमोल म्हणजे साधारण १९७ पिकोग्रॅम. दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट शेजारी ठेवले की ‘०.९’ आणि ‘१६५’ हे आकडे जगावेगळे वाटतात, पण नॉरमेटानेफ्रीनसाठी ते एकच आहेत.

तिसरी, वय. नॉरमेटानेफ्रीन वयाबरोबर वाढत जातं. तिशीतल्या माणसाची मर्यादा सत्तरीतल्या आजीबाईंना लावली तर त्या उगाच पॉझिटिव्ह ठरतात. मेटानेफ्रीनवर वयाचा परिणाम फारसा नाही. मुलांसाठी मर्यादा वेगळ्याच लागतात.

चौथी, संदर्भमर्यादा कोणत्या स्थितीतल्या माणसांवरून ठरवली आहे, बसलेल्या की आडव्या. रिपोर्टवर हे नसेल तर प्रयोगशाळेला फोन करून विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या मर्यादेवर कुणाची शस्त्रक्रिया ठरू नये.

इथेच एक वाट संपूही शकते. कोणताही आकडा मर्यादेच्या तिप्पट-चौपट असेल, किंवा मेटानेफ्रीन आणि नॉरमेटानेफ्रीन दोन्ही स्पष्ट वाढलेली असतील, तर पुढच्या पायऱ्या चढत बसू नका. अशा वेळी गाठ असण्याचीच शक्यता फार मोठी असते. रुग्णाला सरळ एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या तज्ज्ञांकडे) पाठवा. पुन्हा पुन्हा रक्त घेण्यात फक्त वेळ जातो.

२. रुग्ण बसलेला होता की आडवा?

सगळ्यांत जास्त चुका इथे सापडतात, म्हणून इथे थोडं थांबू.

माणूस आडवा असतो तेव्हा रक्तदाब टिकवायला मज्जासंस्थेला फार कष्ट पडत नाहीत. उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं, ते वर ढकलायला सिंपथेटिक मज्जातंतू नॉरॲड्रेनॅलिन सोडतात, आणि काही मिनिटांत रक्तातलं त्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास जातं. नॉरमेटानेफ्रीन त्याच्या मागोमाग चढतं. बसलेली स्थिती या दोन्हींच्या मधली. मेटानेफ्रीन मात्र बहुतांशी ॲड्रिनलच्या गाभ्यातच तयार होतं, म्हणून बसण्या-उठण्याने ते फारसं हलत नाही. ‘नॉरमेटानेफ्रीन थोडं जास्त, मेटानेफ्रीन नॉर्मल’ हे चित्र खोट्या पॉझिटिव्हमध्ये एवढं नेहमीचं का आहे, ते यावरून कळेल.

सॅम्पल असं घ्या:

१. रुग्ण रात्रभर उपाशी हवा. साधं पाणी चालेल. सकाळी चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट नको, धावपळीचा व्यायामही नको.

२. आधी लघवीला जाऊन येऊ द्या. भरलेलं मूत्राशय घेऊन कुणी अर्धा तास शांत पडून राहत नाही.

३. खोली शांत आणि उबदार ठेवा. थंडीने नॉरमेटानेफ्रीन वाढतं. हिवाळ्यात सरासरी आकडे वर सरकतात ते उगाच नाही. पांघरूण द्या. मोबाइल बाजूला ठेवायला सांगा.

४. रुग्णाला सपाट झोपवा, डोक्याखाली एक उशी पुरे. पाठ वर केलेला पलंग म्हणजे ‘आडवं’ नव्हे.

५. कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) आत्ताच लावा. टोचण्याच्या भीतीने आणि वेदनेने चढलेलं प्रमाण उतरायला वेळ मिळाला पाहिजे.

६. घड्याळ लावा: किमान २० मिनिटं, शक्यतो ३०. मध्ये रुग्ण उठला, बसला किंवा कुणाशी वाद घालू लागला, तर वेळ पुन्हा शून्यापासून.

७. रुग्ण आडवा असतानाच कॅन्युलातून पहिलं २ ते ३ मिलिलिटर रक्त टाकून द्या, कारण त्यात सलाइन मिसळलेलं असतं. मग ट्यूब भरा.

८. फॉर्मवर लिहा: ‘आडवं, ३० मिनिटं, उपाशी, कॅन्युला’. नाही लिहिलं तर आठ दिवसांनी ते कुणालाच आठवणार नाही.

कॅन्युलाची सोय नसेल तर अर्धा तास झोपवून सरळ सुईने घ्या. ते दुय्यम आहे, पण बसवून घेण्यापेक्षा चांगलंच. झोपवायलाच जागा नसेल तर २४ तासांची लघवी हा प्रामाणिक पर्याय आहे.

वेळ वाचवण्याची एक रीत इथे खरंच उपयोगी आहे. बसवून घेतलेल्या सॅम्पलचा आकडा आडव्या स्थितीच्या मर्यादेतही नॉर्मल बसला, तर तो नॉर्मलच; पुन्हा बोलवायची गरज नाही. जास्त आला तरच झोपवून पुन्हा घ्या.

याउलट एक पळवाट आहे जी मला धोक्याची वाटते: बसवून घेतलेल्या सॅम्पलांचे आकडे वर येतात म्हणून मर्यादाच वर सरकवणं. त्याने पॉझिटिव्ह रिपोर्ट कमी होतात हे खरं, पण लहान गाठ असलेला रुग्णही त्या वाढवलेल्या मर्यादेखाली लपतो. या आजारात निसटलेला एक रुग्ण भुलेच्या टेबलावर दगावू शकतो. मर्यादा आडव्या स्थितीचीच ठेवा आणि सॅम्पल सुधारा.

३. उपवास आणि ३-मेथॉक्सिटायरामिन

रक्तातल्या फ्री मेटानेफ्रीनवर जेवणाचा परिणाम फार कमी. पण ३-मेथॉक्सिटायरामिन हे डोपामिनचं उपउत्पादन आहे, आणि केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड अशा डोपामिनसारखे अमाइन भरपूर असलेल्या पदार्थांनी ते सरळ वर जातं. रक्तातली त्याची मर्यादा मुळातच ०.१ नॅनोमोल प्रति लिटरच्या आसपास, म्हणजे एक नाश्तासुद्धा चित्र बदलायला पुरेसा. एकटं ३-मेथॉक्सिटायरामिन वाढलं असेल तर पहिला प्रश्न हाच: उपाशीपोटी घेतलं होतं का? लघवीत फ्री आणि संयुग्मित (सल्फेटला जोडलेली) दोन्ही रूपं मिळून मोजली जात असतील तर तिथेही हे पदार्थ आदल्या दिवसापासून टाळावेत.

४. औषधांची यादी

रुग्णाला ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं तर तो रक्तदाबाची गोळी सांगतो आणि सर्दीचं सिरप विसरतो. गोळ्यांची पिशवीच आणायला सांगा. औषधं दोन तऱ्हांनी गोंधळ घालतात, आणि कोणती तऱ्हा आहे ते ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही.

पहिली तऱ्हा: औषध शरीरात खरंच प्रमाण वाढवतं. मज्जातंतूने सोडलेलं नॉरॲड्रेनॅलिन एरवी परत आत ओढलं जातं. अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, इमिप्रामिनसारखी ट्रायसायक्लिक औषधं आणि व्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन ही औषधं ते परत ओढणं अडवतात. यातली कित्येक नैराश्यासाठी नव्हे, तर मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी किंवा अर्धशिशीसाठी लहान मात्रेत दिलेली असतात. रुग्णाला ती ‘वेदनेची गोळी’ म्हणूनच माहीत असते. फिनॉक्सिबेन्झामिन नॉरमेटानेफ्रीन वाढवतं. एमएओ (मोनोअमाइन ऑक्सिडेज एन्झाइम) प्रतिबंधक औषधांनी सगळीच मेटानेफ्रीन चढतात. सर्दीच्या औषधांतलं स्यूडोइफेड्रिन, ॲम्फेटामिन गटातली औषधं, कोकेन यांनीही. लेव्होडोपाने ३-मेथॉक्सिटायरामिन उसळतं. क्लोनिडिन किंवा दारू अचानक बंद केल्यावरचे दिवसही यात धरा. पद्धत कितीही चांगली असली तरी हे आकडे वरच येणार, कारण मोजणी बरोबर आहे.

दुसरी तऱ्हा: औषध यंत्राला फसवतं. इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर असलेल्या एचपीएलसीवर (द्रव्यं कॉलममधून वेगळी करून आलेखावरच्या शिखरांनी मोजणारं यंत्र) पॅरासिटामॉल, लॅबेटॅलॉल, सोटॅलॉल, मिथाइलडोपा, सल्फासॅलाझिन, मेसालाझिन, बस्पिरोन यांच्यामुळे खोटं शिखर उमटू शकतं किंवा खऱ्या शिखरावर चढू शकतं. यातलं कोणतं नडेल ते त्या त्या प्रयोगशाळेच्या पद्धतीवर ठरतं. एलसी-एमएस/एमएसवर (वेगळ्या केलेल्या द्रव्यांचं वस्तुमानही पाहणारी मास स्पेक्ट्रोमेट्री) यातली बरीच अडचण जाते, पण सगळी नाही. मिडोड्रिनसारखं औषध काही पद्धतींमध्ये मेटानेफ्रीनच्या मोजणीत घुसतं. इथे औषध बंद न करता दुसऱ्या पद्धतीने तपासणी करूनही सुटका होते.

आता महत्त्वाचं. औषध स्वतःहून बंद करू नका, आणि तपासणीच्या सोयीसाठी कुणाला बंद करायला सांगूही नका. बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडिन अचानक थांबवलं तर रक्तदाब उसळतो. नैराश्यावरचं औषध हळूहळू उतरवावं लागतं, आणि पूर्ण बंद झाल्यावरही साधारण दोन आठवडे थांबून मग रक्त घ्यावं. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. थांबवणं सुरक्षित नसेल तर औषध चालू ठेवूनच रक्त घ्या आणि फॉर्मवर औषध व मात्रा लिहा. आकडा तरीही नॉर्मल आला तर प्रश्न मिटला. रक्तदाबासाठी मधल्या काळात काही द्यायचंच असेल तर डॉक्सॅझोसिनसारखा निवडक अल्फा-ब्लॉकर किंवा कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर तपासणीला सहसा आड येत नाही.

आणि एक: गाठीचा संशय असताना अल्फा-ब्लॉकरच्या आधी नुसता बीटा-ब्लॉकर सुरू करणं धोक्याचं आहे. मेटोक्लोप्रमाइड आणि स्टिरॉइडनेही अशा रुग्णात झटका येऊ शकतो.

५. आजारपण आणि मूत्रपिंड

अतिदक्षता विभागातला रुग्ण, ताजा पक्षाघात, हृदयाचं अपयश, तीव्र वेदना, साखर उतरलेली असणं या प्रत्येक वेळी शरीर स्वतःच ॲड्रेनॅलिन ओतत असतं. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल तर नॉरमेटानेफ्रीन कायम थोडं चढलेलं राहतं. तातडीचं कारण नसेल तर रुग्ण सावरून घरी गेल्यावर तपासा.

मूत्रपिंड निकामी असेल तर लघवीची तपासणी भरवशाची राहत नाही. संयुग्मित रूप मूत्रपिंडातूनच बाहेर जातं, म्हणून रक्तातला ‘टोटल’ आकडाही खूप चढतो. अशा रुग्णात प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रीनच मागा, आणि तेही थोडं वर येईल हे धरून वाचा.

६. ट्यूब, बर्फ, सेंट्रिफ्यूज

ईडीटीए किंवा हेपॅरिनची ट्यूब, प्रयोगशाळेने सांगितलेली तीच. भरल्यावर ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलटसुलट करा आणि लगेच बर्फ-पाण्यात ठेवा. रक्तपेशींमध्येही एन्झाइमं असतात. ट्यूब तासन्‌तास खोलीच्या तापमानाला पडून राहिली तर नॉरमेटानेफ्रीन वाढू शकतं. सकाळी घेतलेलं रक्त दुपारच्या गाडीची वाट पाहत ट्रेमध्ये उभं असतं, तिथे ही चूक होते.

शक्यतो दोन तासांच्या आत, ४ अंश सेल्सिअसला थंड केलेल्या सेंट्रिफ्यूजमध्ये १० ते १५ मिनिटं फिरवा. प्लाझ्मा वरून अलगद काढा. पांढऱ्या पेशींच्या थराला पिपेट लावू नका. वेगळ्या नळीत भरून गोठवा: काही दिवसांसाठी उणे २० अंश, जास्त काळासाठी उणे ८०. न फिरवलेली ट्यूब सरळ फ्रीझरमध्ये ठेवली तर पेशी फुटतात आणि सॅम्पल वाया जातं. सुक्या बर्फावर पूर्ण रक्त ठेवलं तरी तेच. लालसर झालेला प्लाझ्मा पुढे पाठवण्याऐवजी सॅम्पल पुन्हा घ्या.

एका आठवड्यात अचानक खूप रुग्ण वर आले, तर यंत्राच्या आधी सेंट्रिफ्यूजचं तापमान, बर्फ, वाहतुकीची वेळ आणि रक्त घ्यायच्या खोलीतलं तापमान तपासा. कुणी नवीन कर्मचारी रुग्णांना खुर्चीवर बसवून तर रक्त घेत नाही ना, तेही पाहा.

७. चोवीस तासांची लघवी

इथली चूक बहुतेक वेळा गोळा करण्यात असते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी संडासात टाकायची आणि तीच सुरुवातीची वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी डब्यात टाकून संपवायचं. पहिली लघवी चुकून डब्यात गेली तर २४ तासांऐवजी जवळपास ३२ तासांचा माल जमतो आणि आकडा फुगतो.

डब्यात आम्ल घातलेलं असेल तर त्यात थेट लघवी करू नये, भाजतं. वेगळ्या स्वच्छ भांड्यात घेऊन हळूच ओतावी. डबा थंड जागी. मेटानेफ्रीन तशी टिकाऊ असतात, पण त्याच डब्यातून कॅटेकोलामिनही मोजायची असतील तर आम्ल हवंच.

गोळा केलेलं पूर्ण आहे का हे क्रिएटिनिनवरून कळतं, म्हणून ते नेहमी सोबत मागा. प्रौढ पुरुषात दिवसाला किलोमागे साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, स्त्रियांत १० ते २०. ६० किलोच्या पुरुषाच्या डब्यात ५०० मिलिग्रॅमच निघालं, तर निम्मी लघवी कुठेतरी गेली आहे. त्या रिपोर्टच्या नॉर्मल असण्याला अर्थ नाही. अतिशय कृश किंवा वृद्ध माणसात मात्र हा आकडा मुळातच कमी येतो.

८. यंत्र आणि पद्धत

इथून पुढचं काम फक्त प्रयोगशाळेचं. आधीच्या सात पायऱ्या न पाहता इथे येणं म्हणजे दिवस घालवणं.

नॉरमेटानेफ्रीन आणि ॲड्रेनॅलिन यांचं रेणुसूत्र एकच, वस्तुमान १८३. दोघांतूनही पाण्याचा रेणू निघून १६६ चं आयन बनतं. मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमान पाहतो, म्हणून कॉलमवर दोघं वेगळे झाले नाहीत तर ॲड्रेनॅलिनचा काही भाग नॉरमेटानेफ्रीन म्हणून मोजला जाऊ शकतो. कॉलम जुना झाला की शिखरं एकमेकांकडे सरकतात. धारणकाळ (द्रव्य कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) दर बॅचमध्ये नोंदवा आणि दोन्ही द्रव्यं मिसळलेलं एक सॅम्पल चालवून ती वेगळी पडतात ना, ते ठरावीक काळाने पाहा.

ड्युटेरियमयुक्त इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी सॅम्पलमध्ये ठरावीक प्रमाणात घातलेलं द्रव्य) प्रत्येक द्रव्यासाठी स्वतंत्र हवं. एखाद्या रुग्णाच्या सॅम्पलमध्ये त्याच्या शिखराचं क्षेत्रफळ बॅचच्या सरासरीपेक्षा खूप खाली घसरलं तर आयन दबले आहेत. ३-मेथॉक्सिटायरामिनसारख्या अल्प प्रमाणातल्या द्रव्याचा आकडा अशा वेळी भरवशाचा नसतो. आयन गुणोत्तर (एकाच द्रव्याच्या दोन आयनांचं प्रमाण) बिघडलं असेल तर शिखरात दुसरं काहीतरी मिसळलंय. रिपोर्ट सोडण्याआधी औषधांची यादी पुन्हा वाचा आणि सॅम्पल पुन्हा चालवा. फार मोठा आकडा असलेल्या रुग्णानंतर लगेच रिकामं सॅम्पल चालवा; मागचं पुढच्यात उतरत असेल तर तिथेच दिसेल.

लघवीत बहुतेक मेटानेफ्रीन सल्फेटला जोडलेली असतात. ती मोकळी करण्यासाठी आम्लात उष्णता द्यावी लागते. तापमान किंवा वेळ कमी पडली तर सगळेच आकडे एकसारखे खाली येतात, आणि खाली आलेल्या आकड्यांची तक्रार कुणी करत नाही. म्हणूनच संयुग्मित द्रव्य असलेलं नियंत्रण सॅम्पल प्रत्येक बॅचमध्ये हवं.

अँटिबॉडीवर चालणाऱ्या किट मास स्पेक्ट्रोमेट्रीपेक्षा कमी आकडे दाखवू शकतात. किटच्या रिपोर्टला दुसऱ्या पद्धतीची मर्यादा लावू नका. पर्याय असेल तर एलसी-एमएस/एमएस निवडा. बाह्य गुणवत्ता कार्यक्रमात तुमचे आकडे सातत्याने एकाच बाजूला झुकत असतील आणि कॅलिब्रेटर बदलूनही फरक पडत नसेल, तर थांबा. रिपोर्ट रोखून यंत्र कंपनीच्या अभियंत्याला आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांना बोलवा. संशयित सॅम्पल दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.

९. सगळं बरोबर, तरी नॉरमेटानेफ्रीन वरच

आता क्लोनिडिन चाचणी. ही रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. रुग्ण आडवा, कॅन्युलातून पहिलं सॅम्पल, मग ३०० मायक्रोग्रॅम क्लोनिडिन तोंडाने, आणि ३ तासांनी दुसरं सॅम्पल. क्लोनिडिन मज्जातंतूंकडून येणारं नॉरॲड्रेनॅलिन दाबतं, गाठीचं दाबू शकत नाही. नॉरमेटानेफ्रीन ४० टक्क्यांपेक्षा कमी उतरलं आणि मर्यादेच्या वरच राहिलं तर गाठीचा संशय पक्का होतो. रक्तदाब धाडकन पडू शकतो, म्हणून तो मुळातच कमी असेल तर ही चाचणी नको. ट्रायसायक्लिक औषध चालू असेल तर निकाल फसवा येतो. आणि फक्त मेटानेफ्रीन वाढलं असेल, नॉरमेटानेफ्रीन नॉर्मल असेल, तर या चाचणीतून काहीच कळत नाही.

ग्लुकागॉन टोचून गाठ चिथावण्याची जुनी चाचणी कुणी सुचवली तर नकार द्या. ती धोक्याची होती म्हणूनच मागे पडली.

१०. रिपोर्ट नॉर्मल, पण संशय जात नाही

एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ, फक्त डोपामिन बनवणारी गाठ, आणि डोकं-मानेतले कित्येक पॅरागँग्लिओमा (ॲड्रिनलच्या बाहेर होणाऱ्या अशाच गाठी) नेहमीच्या मेटानेफ्रीनमध्ये दिसत नाहीत. घराण्यात असा आजार असेल किंवा जनुकीय दोष माहीत असेल, तर रक्तातलं ३-मेथॉक्सिटायरामिन जोडून मागा आणि तज्ज्ञांनी ठरवलेल्या काळाने पुन्हा तपासा. मेटायरोसिन (ही संप्रेरकं बनणंच रोखणारं औषध) चालू असताना घेतलेलं सॅम्पल खोटं खाली येतं, तेही विचारा.

स्कॅनमध्ये योगायोगाने ॲड्रिनलची गाठ दिसली असेल तर कॉन्ट्रास्टशिवाय केलेल्या सीटीतली घनता पाहा. ती एकसारखी आणि १० हाउन्सफील्ड एककांपर्यंत (सीटीतली घनता मोजायचं एकक) असेल तर फिओक्रोमोसायटोमा जवळजवळ नाहीच. त्याहून जास्त असेल तर मेटानेफ्रीन तपासल्याशिवाय त्या गाठीत बायोप्सीची सुई कुणीही घालू नये. गाठ चिथावली तर जिवावर बेततं.

तज्ज्ञांकडे पाठवताना

झोपवून, उपाशीपोटी, नडणारी औषधं वगळून घेतलेल्या दुसऱ्या सॅम्पलमध्येही आकडा मर्यादेच्या वर राहिला, तर तिसऱ्यांदा तेच करू नका, एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवा. सोबत दोन्ही रिपोर्ट मूळ एककांसह द्या, सॅम्पल घेतानाची स्थिती आणि आडवं राहिल्याची मिनिटं लिहा, औषधांची पूर्ण यादी मात्रा व बंद केल्याच्या तारखांसह जोडा, क्रिएटिनिन द्या, आणि प्रयोगशाळेची पद्धत कोणती ते एका ओळीत नोंदवा. उरलेला गोठवलेला प्लाझ्मा टाकू नका. तोच दुसऱ्या पद्धतीने तपासता आला तर रुग्णाची एक खेप वाचते.